लेक ओंटारियोवर ट्रोलिंग: नवख्यांसाठी पहिल्या मोसमाची तयारी

मिसिसागा, ओकव्हिल, टोरंटो, व्हिटबी या पट्ट्यात मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि मासे खाणारीही भरपूर. यांतल्या बहुतेकांच्या घरापासून अर्ध्या तासावर चिनूक सॅमन पोहत असतो, पण तो धरायचा कसा हे नीट सांगणारं मराठीत फारसं सापडत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गल्लत दूर करू. मालवण-रत्नागिरीला ट्रॉलर जाळं ओढतो, ती ट्रॉलिंग. इथे आपण बोलतोय ते ट्रोलिंग. यात जाळं नसतं. बोट माणसाच्या चालीने पुढे जात राहते, मागे काठ्यांवरून सोडलेली आमिषं वेगवेगळ्या खोलीवर पोहत येतात आणि मासा स्वतः येऊन आमिषावर झडप घालतो. तळं एवढं मोठं असताना हीच पद्धत का? लेक ओंटारियोचं क्षेत्रफळ सुमारे १९,००० चौरस किलोमीटर आणि कमाल खोली २४४ मीटर. एका जागी गळ टाकून बसलं तर मासा तिथे येईलच याचा भरवसा नाही. तोही कायम फिरता असतो, कारण त्याचं मुख्य खाणं, म्हणजे ॲलवाइफ नावाचा छोटा चंदेरी मासा, थव्याने फिरत असतो.

नवीन माणूस दुकानात जाऊन पहिली चौकशी रंगाची करतो. हिरवा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) घेऊ की निळा? रंगाला महत्त्व आहे, पण तिसऱ्या क्रमांकाचं. आमिष किती खोलीवर आहे हे पहिलं आणि त्या खोलीवर ते किती वेगाने चाललंय हे दुसरं. पुढचं जवळजवळ सगळं या दोन गोष्टी हातात ठेवण्याबद्दल आहे.

कागदपत्रं

ओंटारियोत १८ ते ६४ वयाच्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो. लेक ओंटारियो हा मासेमारी विभाग २०. प्रांताची नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने निघते. त्यात या विभागाचं पान उघडून प्रत्येक जातीची मर्यादा आणि एका माणसाला किती दोऱ्या चालतात ते वाचा. एरवी एका माणसाला एकच दोरी, पण ग्रेट लेक्सच्या काही भागांत बोटीतून दोन चालतात. आपण जाणार तो भाग त्यात येतो का, हे स्वतः तपासा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मोटरबोट चालवणाऱ्याकडे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड हवं. बोटीत प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, १५ मीटरची तरंगती फेकदोरी आणि शिट्टी हवीच. मोठ्या बोटीला यादी आणखी लांबते.

बोट नसेल तर पोर्ट क्रेडिट, ब्रॉन्टी, सेंट कॅथरिन्स इथून भाड्याच्या चार्टर बोटी निघतात. पहिली फेरी अशा बोटीवर करा आणि कॅप्टनच्या हातांकडे लक्ष ठेवा. दोरी पकडून ठेवणाऱ्या क्लिपमध्ये तो ती किती आत सरकवतो, वळण घेताना काय बघतो, हे वाचून जितकं कळतं त्यापेक्षा बघून लवकर कळतं.

पाणी वाचणं

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी थरांत विभागलं जातं. वर ऊबदार पाणी, खाली थंडगार, आणि मध्ये असा एक पट्टा जिथे थोड्याच फुटांत तापमान झपकन उतरतं. हा थर्मोक्लाइन. मासे आपापल्या आवडीच्या तापमानाजवळ राहतात: चिनूक १० ते १३ अंश सेल्सिअस, कोहो हा दुसरा सॅमन साधारण तेवढंच किंवा जरा जास्त, स्टीलहेड म्हणजे तळ्यातला रेनबो ट्राउट १३ ते १६, ब्राउन ट्राउट त्याच्या आसपास, लेक ट्राउट ७ ते १०. वॉलआय या पांढऱ्या मांसाच्या माशाला मात्र ऊब लागते, १८ ते २१. म्हणून एकाच दिवशी एकाच जागी स्टीलहेड ३० फुटांवर, चिनूक ७० फुटांवर आणि लेक ट्राउट तळाला चिकटून, असं चित्र दिसतं.

हा थंड पट्टा वाऱ्यासरशी हलतो. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस लागला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं ऊबदार पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला ढकललं जातं आणि टोरंटोच्या बाजूला खालचं थंड पाणी वर येतं. काल २० अंश असलेलं पाणी उद्या ८ अंशांवर येऊ शकतं. पूर्वेच्या वाऱ्याने उलट होतं आणि थंड पाणी न्यूयॉर्क राज्याच्या किनाऱ्याला वर येतं. त्यामुळे गेल्या आठवड्याची खोली या आठवड्याला लावू नका. घरून निघताना मागच्या तीन दिवसांचा वारा बघा, आजचा तर बघाच.

सामान

दोन माणसं, चार काठ्या (माणशी दोन दोऱ्या चालतात तिथे). सुरुवातीला याहून जास्त नको. दहा काठ्या लावलेल्या बोटी दिसतील, पण गुंता झाला की त्यांच्याकडे तो सोडवायला सरावलेले हात असतात.

दोन काठ्या डाउनरिगरसाठी (आमिष वजनाने खोल नेणारी चरखी): साडेआठ-नऊ फुटी, मऊसर वाकणाऱ्या, त्यावर लाइन काउंटर (किती दोरी सोडली ते दाखवणारा) असलेलं रीळ आणि २० पौंडांचा ताण सोसणारी मोनोफिलामेंट, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, इथे वापरू नका, क्लिपच्या रबरी गाद्यांतून ती निसटते. उरलेल्या दोन काठ्या डायव्हरसाठी (दोरी तिरकी खाली नेणारी तबकडी): जरा दणकट, लाइन काउंटर इथेही हवाच, त्यावर ४० ते ५० पौंडी ब्रेड. ब्रेड ताणली जात नाही म्हणून डायव्हर नीट खेचला जातो. त्याच कारणाने मासा लागताना बसणारा झटकाही थेट येतो, म्हणून डायव्हरच्या मागे झटका शोषणारा रबरी स्नबर लावा.

आमिषं थोडी घ्या. पावणेचार इंची स्पून सहा, पावणेपाच इंची मोठे चार, आठ किंवा अकरा इंची फ्लॅशर (माशाला खुणावणारी चकचकीत पट्टी) दोन आणि त्यांना लावायच्या फ्लाय (झुपक्यासारखी आमिषं) तीन-चार. स्पूनच्या पुढे चांगला बॉल बेअरिंग स्विव्हल (फिरती कडी) हवा. स्वस्त स्विव्हल पाण्यात फिरायचा थांबतो आणि तासाभरात दोरीला असा पीळ बसतो की रीळच निकामी होतं.

फिश फाइंडर, म्हणजे खालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र, लागतोच. पैसे उरले तर ते आणखी स्पूनवर घालण्यापेक्षा डाउनरिगरच्या गोळ्याजवळ बसणाऱ्या, खालचा वेग आणि तापमान दाखवणाऱ्या यंत्रावर घाला. कारण पुढे कळेल.

डाउनरिगर लावणं

डाउनरिगर म्हणजे बोटीच्या कडेला बसवलेली छोटी चरखी. तिच्या तारेला १० ते १२ पौंडांचा गोळा असतो. काठीची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायची, गोळा हव्या त्या खोलीवर नेतो, मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि मग मासा आणि काठी यांच्यात वजन उरत नाही.

१. बोट सरळ रेषेत ताशी दोन मैलांवर ठेवा. इथले मासेमार वेग मैलांत आणि खोली फुटांतच मोजतात, तुम्हीही तेच धरा.

२. स्पून बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघा. तो डावीकडे-उजवीकडे झोकांड्या देत, मधूनच अंग टाकत चालला पाहिजे. गोल गोल फिरत असेल तर वेग जास्त आहे किंवा गळाला शेवाळ लागलंय. नुसता लोळत असेल तर वेग कमी. हे दहा सेकंदांचं काम प्रत्येक वेळी करा.

३. स्पून मागे सोडा. खोल पाण्यात १५ ते २५ फूट पुरे, फ्लॅशरला १० ते २०. वरच्या १५ फुटांत मासेमारी करत असाल तर ६० ते १०० फूट, कारण तिथे मासा बोटीला बिचकतो.

४. दोरी क्लिपमध्ये बसवा. गाद्यांच्या टोकाशी बसवली तर लवकर सुटते, आत सरकवली तर घट्ट बसते. मध्यावर सुरुवात करा.

५. काठी होल्डरमध्ये ठेवा, रीळ मोकळं करा, अंगठ्याने हलका दाब ठेवा आणि गोळा सावकाश खाली सोडा. धाडकन सोडला तर स्पून उलटा येऊन दोरीत अडकतो आणि तुम्ही अर्धा तास मेलेलं आमिष ओढत बसता.

६. गोळा थांबला की रीळ लॉक करून दोरी गुंडाळा. काठी धनुष्यासारखी वाकली पाहिजे, टोक पाण्याकडे झुकलेलं. फ्लॅशर लावला असेल तर टोक ठेक्यात हलतं, ठक… ठक… ठक, नाडीसारखं. तो ठेका ओळखायला शिका. थांबला किंवा अडखळला तर खाली काहीतरी बिघडलंय. लहानसा ट्राउट लागून मुकाट ओढला जात असेल, गवत अडकलं असेल किंवा फ्लायचा लीडर (फ्लायला जोडणारी आखूड दोरी) फ्लॅशरभोवती गुंडाळला असेल.

मासा क्लिप सोडवतो तेव्हा वाकलेली काठी सटकन सरळ होते. दोरी ढिली दिसते म्हणून मासा सुटला असं वाटतं. तसं नसतं. काठी उचला आणि वजन हाताला लागेपर्यंत जोरात गुंडाळा.

डाउनरिगरच्या काउंटरवरचा आकडा हा सोडलेल्या तारेचा असतो, खोलीचा नाही. वेगामुळे गोळा मागे झुकतो. तार उभ्या रेषेपासून २५ अंश कललेली असेल तर काउंटर १०० दाखवत असताना गोळा जेमतेम ९० फुटांवर असतो. फिश फाइंडरवर माशाची खूण ९५ फुटांवर दिसली तर हिशोब तसा धरा. थोडं वर चालेल, खाली नको. सॅमन आमिषाकडे वर चढून येतो, खाली सहसा जात नाही.

डायव्हर

डायव्हर ही तिरकी डुबकी मारणारी प्लास्टिकची तबकडी. तळाशी ० ते ३ असे आकडे असतात. ० वर ती बोटीच्या मागे सरळ खाली जाते, आकडा वाढवला की बाजूला जास्त पसरते आणि खोली कमी होते. एकीचा कल डावीकडे, दुसरीचा उजवीकडे ठेवा, दोन्ही २ वर. मग बोटीच्या मागे चार आमिषांचा पंखा तयार होतो. मोठ्या आकाराचा डायव्हर सोडलेल्या दोरीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खोली गाठतो. नेमकं गणित तुमच्या दोरीवर आणि वेगावर ठरतं. म्हणून माहीत असलेल्या खोलीच्या सपाट तळावर एकदा जाऊन डायव्हर तळाला लागतो तेव्हा काउंटर काय म्हणतो ते वहीत लिहा.

डायव्हरपासून स्पूनपर्यंतची दोरी सहा ते आठ फूट, काठीच्या लांबीपेक्षा जास्त कधीच नाही. डायव्हर काठीच्या टोकाला येऊन अडकतो. त्याच्यामागे बारा फुटांवर मासा असेल तर जाळी पोचत नाही आणि दहा किलोचा मासा डोळ्यांदेखत जातो.

वेग

जीपीएस दाखवतं तो जमिनीच्या मानाने बोटीचा वेग. माशाला त्याच्याशी देणंघेणं नाही. ७० फुटांखाली पाणी स्वतः ताशी अर्धा मैल पूर्वेला वाहत असेल आणि बोट ताशी २.५ मैलांनी पूर्वेला चालली असेल, तर तिथे स्पून पाण्याच्या मानाने २ मैलांनीच चाललेला असतो. वळून पश्चिमेला आलात की तोच ३ होतो. वर काहीच बदललं नाही, खाली दीडपट फरक. ‘आज मासे एकाच दिशेला लागतात’ असं धक्क्यावर ऐकू येतं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. गोळ्याजवळचं वेगमापक घ्या म्हटलं ते यासाठी. ते नसेल तर तारेचा कल बघा: दोन्ही दिशांना कल सारखा राहील असा थ्रॉटल ठेवा.

आमिषाजवळचा वेग असा धरा: स्पूनला २.३ ते २.८, फ्लॅशर-फ्लायला २.२ ते २.६, लेक ट्राउटसाठी तळालगत १.६ ते २. फ्लॅशरमागे फ्लायचा लीडर ५० पौंडी, १८ ते ३० इंच. लीडर आखूड केला की फ्लाय जास्त झटके घेते.

सरळ रेषेत तासन्‌तास चालू नका, सावकाश नागमोडी जा. वळणात आतल्या बाजूचं आमिष मंदावून खाली जातं, बाहेरचं वेग घेऊन वर येतं. आतली काठी वाकली तर मासे हळू आमिष मागताहेत, बाहेरची वाकली तर वेग वाढवा. तळं फुकट सांगतंय ते ऐका. मात्र वळण मोठं घ्या, कमीत कमी फुटबॉल मैदानाएवढं. झटकन वळलात की डायव्हर आणि डाउनरिगरच्या दोऱ्या एकमेकींत जातात.

मासा लागल्यावर

बोट थांबवू नका. थांबवली की बाकीची आमिषं बुडतात आणि दोरी ढिली पडून गळ निसटतो. वेग थोडा कमी करा, सरळ चालत राहा. चिनूक पहिल्या दमात १०० यार्ड सहज पळतो. पळू द्या. ड्रॅग, म्हणजे रिळाचा रोध, दोरीच्या ताकदीच्या पाव भागाच्या आसपास ठेवा आणि मध्येच घट्ट करू नका. बहुतेक मासे जातात ते बोटीपाशी, घाईने ड्रॅग आवळल्यामुळे. जाळी पाण्यात आधी धरा आणि मासा डोक्याच्या बाजूने तिच्यावर आणा. शेपटीमागून जाळी मारली तर तो पुढे उसळतो.

मासा ओळखता आला पाहिजे, कारण मर्यादा जातीनुसार आहेत. चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि ठिपके शेपटीच्या दोन्ही पात्यांवर. कोहोच्या दातांच्या बुडाशी हिरडी पांढरट आणि ठिपके शेपटीच्या वरच्या भागातच. रेनबोच्या शेपटीवर ठिपक्यांच्या ओळी पंख्यासारख्या पसरतात. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली, गडद अंगावर फिके ठिपके. अटलांटिक सॅमन हा या तळ्याचा मूळ रहिवासी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथून संपलेला आणि आता पुन्हा सोडला जाणारा. हातात आलाच तर पाण्यातच ठेवून गळ काढा. चिनूक आणि कोहो मूळचे पॅसिफिकचे. ग्रेट लेक्समध्ये ते टिकून वाढले ते अमेरिकेच्या मिशिगन राज्याने १९६६मध्ये कोहो आणि १९६७मध्ये चिनूक सोडले तेव्हापासून.

मोसम

एप्रिलमध्ये पाणी ४ अंशांच्या आसपास असतं. तेव्हा खोल जायची गरज नाही. ब्राउन ट्राउट किनाऱ्याला, ६ ते २० फूट पाण्यात, नदीमुखाच्या गढूळ आणि जरा ऊबदार पट्ट्यात असतो. काडीसारखी छोटी स्टिकबेट, १०० फूट मागे, ताशी दीड ते दोन मैल, प्लॅनर बोर्ड लावून. बोर्ड दोरीला बोटीपासून बाजूला नेतो. मेमध्ये तळ्याचं पश्चिम टोक आधी ऊबतं, त्यामुळे सेंट कॅथरिन्स आणि नायगारा नदीच्या मुखाजवळ कोहो-चिनूक गोळा होतात. जुलै-ऑगस्ट हा डाउनरिगरचा खरा काळ. ऑगस्टअखेर मोठे चिनूक क्रेडिट आणि गॅनरास्का नद्यांसमोर जमू लागतात. तेव्हा उजाडण्याच्या आधी तिथे असा. अंधारात चमकणारा स्पून टॉर्चने भारित करून सोडा. ऊन चढल्यावर लाल रंग काही फुटांतच काळपट दिसू लागतो, हिरवा आणि निळा खोलवर टिकतात.

वॉलआय वेगळा

वॉलआयसाठी तळ्याच्या ईशान्येची खाडी, बे ऑफ क्विंटी, किंवा शेजारचं लेक ईरी गाठा. ईरी सरासरी जेमतेम १९ मीटर खोल आणि ऊबदार. इथे सॅमनचा वेग चालत नाही. गांडुळाची हार्नेस (गळ आणि फिरतं पातं असलेली दोरी) लावली तर ताशी १ ते १.३ मैल, पातं नुसतं फिरेल एवढंच. स्टिकबेट असेल तर दीड ते दोन. थंडीच्या तोंडावर क्विंटीत मोठे वॉलआय तळ्यातून परततात. तेव्हा खोल जाणारं स्टिकबेट आणखी हळू ओढा. वॉलआयची झडप सॅमनसारखी नसते. प्लॅनर बोर्ड किंचित मागे रेंगाळतो, बस. बोर्ड रांगेतून दोन फूट मागे पडला तरी तपासा. लेडकोर (आत शिसं असलेली रंगीत दोरी) वापरत असाल तर दर १० यार्डांना रंग बदलतो आणि दोन मैलांच्या आसपास एक रंग साधारण ५ फूट खाली नेतो. हळू गेलात की आणखी खोल.

नेहमीच्या अडचणी

जुलैत दोरीवर चिकट कापसासारखे गोळे जमतात. हे काटेरी पाणपिसू, यातली एक जात या तळ्यात १९९८मध्ये आढळली. गोळा काठीच्या टोकाच्या कड्यात अडकतो आणि मासा लागलेला असताना दोरी आत येत नाही. डाउनरिगरवर ३० पौंडी जाड मोनो लावली की ते कमी चिकटतात.

क्लिप लाटेने आपोआप सुटते? दोरी जरा आत सरकवा. डायव्हर मासा नसताना सुटतो? तो किती ताणाला सुटेल हे ठरवणारा स्क्रू पाव फेरा आवळा, आणि सोडताना अंगठा काढू नका. तास झाला, काहीच नाही? आधी आमिषं वर काढून गवत बघा, मग खोली बदला, मग वेग. रंग शेवटी.

वारा आणि थंडी

उत्तरेचा वारा असेल तेव्हा टोरंटोच्या धक्क्यावरून तळं आरशासारखं दिसतं. दहा किलोमीटर आत तेच पाणी उसळलेलं असतं, आणि परत येताना लाट समोरून. पहिल्या मोसमात १० नॉटच्या वर वाऱ्याचा अंदाज असेल तर जाऊ नका. वसंतात पाण्यात पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास पहिल्या मिनिटात ताब्यात राहत नाही, म्हणून लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं. घरी निघण्याआधी बोटीचे ड्रेन प्लग काढून पाणी सोडा. ओंटारियोत १ जानेवारी २०२२पासून हे कायद्याने बंधनकारक आहे.

ताटात

मासा धरल्याबरोबर कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. प्रांत सरकार कोणत्या पाण्यातला, कोणत्या लांबीचा मासा महिन्यात किती वेळा खावा याचे तक्ते प्रसिद्ध करतं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी वेगळा रकाना असतो, तो आधी बघा. साधारणपणे मासा जितका मोठा तितकी त्यातली घातक द्रव्यं जास्त, म्हणून खायला लहान ठेवा आणि मोठा सोडा. पीसीबी नावाची घातक औद्योगिक रसायनं चरबीत साठतात, त्यामुळे कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूची तपकिरी पट्टी काढून टाका. पारा मात्र मांसात असतो, तो कापून जात नाही. वॉलआयचं मांस पांढरं आणि कमी तेलाचं. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तव्यावर छान होतं. चिनूक आणि लेक ट्राउट तेलकट. त्यांना तळू नका, जाळीवर भाजा आणि गळणारं तेल टाकून द्या.